कोंबड्या : शून्य

१८ मे, डेड्झा

आज आमच्या वरिष्ठ मिस न्यासुलुंनी गावं वाटली. पीक घरात आलं की आमची कृषी पाहणी सुरू होते. टॅब्लेट आणि वजनकाटा घेऊन दारोदार फिरायचं आणि विचारायचं, मका किती झाला, खत किती घातलं, घरात कोण कोण जेवतं. माझ्या वाट्याला चार गावं आली. चौथं कामफुंझी.

माझ्याबरोबर पाहणी करणारा लूका म्हणाला, "नशीबवान आहेस, तिथे रस्ता आहे." रस्ता आहे हे त्याने मला सांगायला नको. त्या रस्त्याचे चर मी खणलेत.

या नोकरीत व्याख्या लिहायची खोडच लागली आहे, म्हणून इथेही लिहितो. जावई : जो बायकोच्या गावी राहायला जातो, तिच्या आईच्या अंगणात घर बांधतो आणि तिच्या मामाने दिलेली जमीन कसतो. मुलं आईच्या कुळाची. बायको वारली की तिचा मामा जावयाच्या हातात सासरघरची एक जिवंत कोंबडी देतो, वेशीपर्यंत चालत जातो आणि म्हणतो, आमचं तुमचं मिटलं. कोंबडी घेतली की जावई मोकळा. मग त्या गावात त्याचं कोणी नाही आणि तो कोणाचा नाही.

माझ्या बायकोला, एसनातला, जाऊन सहा पावसाळे झाले; कामफुंझी तिचं गाव. तिचे मामा लापुकेनी कोंबडी घेऊन येणार होते त्या दिवशी, ते यायच्या आत, मी माझी पिशवी घेऊन निघालो. ती पंख फडफडवणारी कोंबडी छातीशी धरून सगळ्या गावादेखत चालणं मला जमलं नसतं. त्यांनाही जड गेलं असतं. सगळ्यांचीच सोय झाली म्हणायची. कोंबडी घेतली काय, न घेतली काय, अर्थ तोच.

आमची मुलगी तामांदा तेव्हा आठ वर्षांची होती. ती अर्थातच आजीजवळ राहिली.

२० मे

नात्यातल्या घराची पाहणी करायची नाही असा नियम आहे, आणि तो चांगला आहे. त्यासाठी एका कागदावर सही घेतात : "वरील गावांत माझे कोणीही नातेवाईक नाहीत."

सकाळभर तो कागद माझ्यापुढे होता. नातं आहे म्हटलं, तर गाव लूकाला जाणार. कामफुंझीला जायचं असेल, तर तिथे माझं कोणी नाही असं लिहून द्यायला हवं. नियमाने बघितलं तर ते खरंच आहे.

मिस न्यासुलु म्हणाल्या, "मिस्टर चिम्वाला, सही करताय की झोपलात?"

केली.

मला फक्त एवढंच बघायचं आहे की त्या घरात तामांदाला बाप आहे की नाही. म्हणजे मी तिथे उरलोय की नाही. प्रश्नावलीत तसा प्रश्नच आहे, मला वेगळं विचारावं लागणार नाही.

२२ मे

कामफुंझी. दिवसभर थंड भुरभुर. डोंगर दिसत नव्हता, पण तो कुठे आहे ते पायांना माहीत होतं.

सासूबाईंचं अंगण तसंच आहे. मी लावलेला आंबा छपराच्या वर गेलाय. आमचं घर, म्हणजे माझं आणि एसनातचं, कुलूप लावून बंद होतं, पण भिंती नुकत्याच लिंपलेल्या. भाड्याने द्यायचा विचार असेल. द्यावंच. रिकामं घर वाळवी खाते.

जावयाने सासूच्या डोळ्यांत बघायचं नाही आणि सासूने जावयाच्या. मी सवयीने मान वळवून बसलो. मग आठवलं, मी आता जावई नाही, सरकारी माणूस आहे. तरी मान सरळ होईना. नाम्वाले बाईही (कागदावर मी त्यांना असंच म्हणणार) अंगणातल्या कोंबड्यांकडे बघत बसल्या. पाहणी संपेपर्यंत त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जे बोलल्या ते कोंबड्यांशी.

हात धुवायला पाणी घेऊन एक मुलगी आली. गुडघे टेकून बसली. मान एसनातची. कान माझे.

"साहेब, पाणी," ती म्हणाली.

मी हात पुढे केले. पाणी गार होतं. "किती मोठी झालीस" असं काहीतरी म्हणायचं होतं, पण 'साहेब' ऐकल्यावर ते मागेच राहिलं. मी म्हणालो, "थँक्यू."

मग पहिलं प्रकरण : घरात कोण कोण.

"एका भांड्यातलं जेवणारी सगळी माणसं सांगा, आई."

बाई कोंबड्यांना म्हणाल्या, "मी. माझी नात तामांदा. आणि जावई."

माझं बोट टॅब्लेटवरच राहिलं. "कोणता जावई?"

"मला एकच मुलगी होती. जावई किती असणार?"

"नाव?"

"फानुएल चिम्वाला. लिहिता येतं ना?"

मी लिहिलं. आता विचार करतो तेव्हा कळतं की यात नवीन काही नाही. घरात माणसं जास्त दाखवली की खताच्या सवलतीची जास्त चिठ्ठ्या मिळतील असं लोकांना वाटतं. प्रत्येक गावात हे होतं. प्रशिक्षणात त्यावर अख्खा तास होता.

मी नियमाप्रमाणे विचारलं, "हा माणूस गेल्या वर्षभरात किती महिने इथे राहिला?"

"नाही राहिला."

"नऊ महिन्यांपेक्षा जास्त बाहेर असेल तर त्याला घरातला धरता येत नाही, आई."

"तो कामाला गेलाय. भांडं त्याचंही आहे."

"नियम आहे."

"तुमचा असेल," त्यांनी एका पांढऱ्या कोंबडीला सुनावलं.

मीच माझ्या नावापुढे 'घरातला नाही' असं लिहिलं. टॅब्लेटने लगेच पुढचा प्रश्न काढला : हा माणूस परत कधी येणार? बाईंनी पांढऱ्या कोंबडीला दाणे टाकले. तामांदा भांडं धुवत होती, तिचा हात थांबला. मी रकाना रिकामा ठेवून पुढे गेलो.

तेवढ्यातच बाई म्हणाल्या, आज डोकं चालत नाही, बाकीचं उद्या.

२३ मे

दोन तासांचं काम आहे, पण आज सबंध दुपार खत आणि बियाण्यातच गेली. नाम्वाले बाईंचं वय झालंय. पूर्वी कोणत्या साली कोणाची शेळी कोणाच्या वाफ्यात शिरली ते तारखेनिशी सांगत. आज मक्याच्या बादल्या विचारल्या तर, "थांबा, आठवते," म्हणून आत गेल्या आणि जेवणच घेऊन आल्या.

न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि शेंगदाण्याचं कूट घातलेली भोपळ्याची पानं. माझ्या ताटात भांड्याच्या तळाची खरपूड आली, सगळीच्या सगळी. पीठ कमी पडलं असावं. खरपूड मला पहिल्यापासून आवडते. एसनात आणि मी तिच्यासाठी भांडायचो आणि ती चमचा लपवून ठेवायची. मी मान खाली घालून खाल्लं. डोळ्यांत धूर गेला होता.

जेवणानंतर : "आई, बादली सपाट की शीग लावून?"

"हात दुखत असले तर सपाट. नसले तर शीग."

"मी काय लिहू?"

"तुम्ही शिकलेले आहात."

मग जनावरं. शेळ्या दोन, डुक्कर नाही. कोंबड्या?

"एकही नाही," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी एक कोंबडी माझ्या बुटाची नाडी ओढत होती. दुसरी ओट्यावर. बाकीच्या आंब्याखाली उकिरडा उकरत होत्या.

"आई, आणि या?"

"कोणत्या?"

मी बोट दाखवलं. बाईंनी कालपासून ज्यांच्याशी गप्पा मारल्या त्या कोंबड्यांकडे पहिल्यांदाच बघितल्यासारखं बघितलं. "येतात कुठून कुठून. आमच्या घरात कोंबडी नाही. तसं लिहा. ठळक लिहा."

माणसं वाढवून सांगायची आणि जनावरं कमी, दोन्ही खोटं गरिबी दाखवण्यासाठीच. मला वाईट वाटलं. त्या अशा नव्हत्या. उत्तर देणाऱ्याने सांगितलेलंच लिहायचं असा नियम आहे, म्हणून लिहिलं : कोंबड्या : शून्य.

जमीन मोजायची राहिली. परत जावं लागणार. गाडीत गेरवाझियो म्हणाला, "अख्ख्या गावात तुम्हाला हे एकच घर आहे का हो?" ड्रायव्हरला काय कळणार?

२५ मे

आज शेत मोजलं. याची एक पद्धत आहे. हद्द घरच्या माणसाने दाखवायची, तो पुढे चालणार, आपण यंत्र हातात धरून त्याच्या मागे. आपण पुढे व्हायचं नाही, हद्द आपल्याला ठाऊक असली तरी. नाम्वाले बाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा हद्द दाखवायला तामांदा आली.

ते शेत मी कसलं आहे. पहिल्या वर्षी मामा लापुकेनींनी दिलं तेव्हा नुसता उतार होता आणि पावसात माती खाली जायची. उताराला आडव्या सऱ्या घातल्या त्या मी आणि एसनातने, वारुळाला वळसा देऊन. लोक हसले होते. आजही सऱ्या आडव्याच आहेत आणि वारुळाला वळसाही. मी तिथे उभा राहिलो आणि मला घरी जावंसं वाटलं. कोणत्या घरी, ते मात्र सांगता येईना. डेड्झातली माझी खोली भाड्याची आहे, आणि आईच्या गावी भाऊही आता पाहुण्यासारखं वागवतात.

तामांदा पुढे, मी मागे. ती हळू चालत होती. अर्ध्यात गेल्यावर म्हणाली, "चुकलं वाटतं. पहिल्यापासून."

पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला ती ओढ्याच्या बाजूने शेजाऱ्याच्या शेंगांमधून गेली आणि क्षेत्र जवळजवळ दुप्पट आलं.

"हे तुमचं नाही," मी म्हणालो. "हद्द त्या मोहरीच्या रंगाच्या दगडापाशी वळते."

"तुम्हाला कसं माहीत, साहेब?"

मी म्हणालो, "नकाशात आहे."

"अस्सं," ती म्हणाली. "मग परत फिरू या."

तीन वेळा फिरलो. चौदा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या शेताची हद्द नीट माहीत नसावी याचं आश्चर्य वाटतं. कोणी शिकवलं नसेल. तिसऱ्या खेपेला तिने विचारलं, "मिनीबसने कोणीतरी साबण आणि वह्या पाठवतं. पाठवणारा स्वतः का येत नाही?"

"त्याला वाटत असेल की आपली गरज नाही."

"वह्या कमी पडतात," ती म्हणाली. थोडं चालून परत म्हणाली, "खूप कमी पडतात."

पुढच्या वेळी दोन डझन पाठवीन.

२६ मे, रविवार

काम नाही. दिवसभर खोलीवर. खिडकीबाहेर बटाट्याच्या गोण्या भरत होते.

एसनातची आठवण तशी नेहमीच येते. आज तिच्यापेक्षा अंगणाचीच जास्त आली, आणि त्याची मला लाजही वाटली. मग लक्षात आलं की मला एसनात अंगणाशिवाय आठवतच नाही. ओली चूल, तिची पाठ, तिची आई कोणाला तरी रागावतेय, आंब्याचं रोप मी पायाने दाबतोय. डेड्झात तिला आठवायला जागाच नाही.

काम संपलं. त्या घरात माझं नाव आहे, पण मीच पुढे 'घरातला नाही' लिहिलंय. जे बघायचं होतं ते बघून झालं.

२८ मे

मिस न्यासुलुंनी बोलावलं. टॅब्लेट उघडा होता.

"कामफुंझी, नाम्वाले. कोंबड्या शून्य. आणि तुम्हीच काढलेल्या घराच्या फोटोत मला नुसत्या कोंबड्याच दिसतायत."

"बाईंनी तसंच सांगितलं, मॅडम."

"बरं. एक रकाना रिकामा आहे. गेलेला माणूस परत कधी येणार? तुम्ही कधी रकाना रिकामा सोडत नाही." त्यांनी बोट वर सरकवलं. "आणि त्या माणसाचं नाव फानुएल चिम्वाला आहे."

बाहेर गेरवाझियो गाडी धूत होता. मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"या घरात तुमचं कोणी आहे का?"

'नाही' हा शब्द तयार होता. तो एकदा लिहूनही दिला होता. तेव्हा कागदापुढे बसून लिहिला. आता माणसासमोर म्हणायचा होता, आणि तामांदाचं 'खूप कमी पडतात' मध्येच आठवलं.

"आहे," मी म्हणालो. "मुलगी आहे. सासू आहे. बायकोची माती आहे."

मिस न्यासुलु उत्तरेच्या, तिकडे बायको नवऱ्याच्या घरी येते. त्या म्हणाल्या, "तुमच्याकडचे नवरे म्हणजे भाड्याने राहिल्यासारखे. सामान नेहमी दाराशी." मग आवाज खाली आणून : "तुमची पाहणी रद्द. खोट्या सहीबद्दल मला वर कळवावं लागेल, कदाचित पुढच्या हंगामात तुम्हाला घेणार नाहीत. उद्या मी स्वतः जाते. तुम्हीही चला. मोजायला नाही, नुसतं बसायला."

२९ मे

हे सगळं लगेच लिहून ठेवतो.

मी यंत्राशिवाय अंगणात शिरलो आणि हातांचं काय करावं कळेना. तामांदाने मिस न्यासुलुंसाठी खुर्ची आणली. माझ्यासाठी आणली नाही. चटई अंथरली, घरच्या माणसांची असते तशी, आजीच्या पलीकडे. मी मान वळवून बसलो.

मिस न्यासुलुंनी पाहणी पहिल्यापासून घेतली. बाईंनी सगळं एका दमात सांगितलं. बादल्या, खत, शेंगा, बियाणं, कोणत्या दिवशी पेरलं. कुठे अडखळल्या नाहीत. तासाभरात जनावरांपर्यंत आल्या. मी आ वासून ऐकत होतो.

"कोंबड्या?"

"एकही नाही."

मिस न्यासुलुंनी चष्मा वर केला, अंगणभर बोट फिरवत पुटपुटल्या आणि काहीतरी लिहिलं.

तेवढ्यात मामा लापुकेनी आले. हॅट, काठी, आणि चालण्यात तोच ताठा. मी आल्याचं गावात पसरलं असणार. मी उठून गुडघे टेकले.

"जावईबापू," ते म्हणाले. "पळून गेलात, आमचं काम अर्धं ठेवून. गावप्रमुख मला दरवर्षी टोमणे मारतो, एवढी साधी गोष्ट तुझ्याच्याने होत नाही म्हणून. बरं झालं सापडलात. बहिणी, कोंबडी आण. आत्ताच मिटवू."

सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. "कोंबडी नाही."

"मग हे अंगणात काय चरतंय?"

"शेजाऱ्यांच्या आहेत."

"गेल्या वर्षी मागितली तेव्हा खुडूक बसली होती. त्याच्या आदल्या वर्षी रोग आला होता. त्याच्या आधी मुंगसाने खाल्ली. मी शेजाऱ्याची घेऊन आलो तर म्हणालीस, याच घरची हवी!"

"याच घरची हवी," सासूबाई म्हणाल्या. "रीत आहे. आणि या घरात नाही. मी काय करू?"

आंब्याआड तामांदा तोंडावर हात दाबून उभी होती. मी तिच्याकडे बघितलं, मग लिंपलेल्या भिंतींकडे, मग त्या पांढऱ्या कोंबडीकडे. मला माझ्या नोकरीची शरम वाटली. मी तीन दिवस या अंगणात बसलो, प्रत्येक उत्तर लिहून घेतलं, आणि मला एकही उत्तर कळलं नाही.

मामांनी काठी माझ्याकडे वळवली. "तुम्ही तर सरकारचे मोजणारे. खोटं लिहीत नाही म्हणे. तुमच्या तोंडून ऐकतो आणि जातो. या घरात कोंबड्या किती?"

ओट्यावरची एक नेमकी तेव्हाच ओरडायला लागली. अंडं घातलं असावं. मिस न्यासुलुंनी टॅब्लेट मांडीवर पालथा घातला आणि डोंगराकडे बघायला लागल्या.

"एकही नाही, मामा," मी म्हणालो.

मामांनी माझ्याकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं. मग हॅट काढून गुडघ्यावर ठेवली आणि चटईवर बसले. "मग उभा कशाला राहू? चहा तरी आहे का, की तोही शेजाऱ्यांचा?"

चहा झाला. निघताना मिस न्यासुलु म्हणाल्या, "एक रकाना अजून रिकामा आहे." त्यांनी विचारलं सासूबाईंना. सासूबाई कोंबड्यांना म्हणाल्या, "मला काय विचारता? सऱ्या नोव्हेंबरच्या पावसाआधी घालाव्या लागतात. एकट्या म्हातारीच्याने होत नाहीत. पोरीला तर हद्दही माहीत नाही."

"माहीत आहे," आंब्याआडून आवाज आला.

मीही कोंबड्यांकडेच बघत म्हणालो, "ऑक्टोबर लिहा, मॅडम."

त्यांनी लिहिलं. गाडीपर्यंत तामांदा आली. माझी पिशवी घेऊन चालत होती, फार हळू. गाडी वेशीवर उभी होती, आणि ती तिथपर्यंत सरळ न जाता ओढ्याच्या बाजूने, शेंगांमधून निघाली. मी तिच्या मागे चालत राहिलो.